चाखण्यापुरतं

गुळव्याने ताट पुढे सरकवलं आणि त्याच्या बायकोने ते परत त्याच्यापुढे सारलं. आमची दोन्ही घरं एकाच भिंतीची, आणि अंगणातली भिंत छातीइतकीच उंच, त्यामुळे त्यांचं बोलणं मला नको असलं तरी ऐकू येतं. त्या सकाळचं तर अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं असेल.

"चोरून खाता तुम्ही," वहिनी म्हणाल्या. "कुठे खाता आणि काय खाता, एवढं फक्त सांगा."

"चोरून खाल्लं असेल तर ही जीभ झडो माझी."

"जिभेला मध्ये आणू नका. तिचाच काहीतरी उद्योग असणार हा."

ताटात दोन उकडलेली अंडी, वाटीभर दही आणि कोबीचा ढीग होता. तो ढीग पाहून कोणालाही वाटलं असतं की हे ताट चुकून माणसासमोर आलंय. पण गुळव्या कित्येक महिने असंच जेवत होता आणि कुरकुर न करता जेवत होता. म्हणून तर त्याला राग आला होता. आदल्या दिवशी दवाखान्यात रक्त तपासलं होतं आणि उतरून बसलेली साखर पुन्हा वर चढलेली निघाली होती.

गुळव्या म्हणजे गुऱ्हाळावर गूळ करणारा माणूस. उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळत ठेवायचा, त्यावर येणारी मळी काढायची, आणि पाक नेमका कधी तयार झाला ते सांगायचं. त्याने हात वर केला की चार माणसांनी काहील चुलीवरून उतरवायची. हात जरा लवकर वर गेला तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर काळा पडतो. गावात गुऱ्हाळाचा मालक एकच होता, ऊस पिकवणारे पुष्कळ होते, पण साऱ्या गावाचं वर्षभराचं राबणं शेवटी या एका माणसाच्या हाताच्या इशाऱ्यावर यायचं. आणि त्याच्या जिभेवर. नुसता रस चाखून ऊस नदीकाठचा की माळावरचा ते तो सांगायचा. असं सगळे म्हणायचे. मी स्वतः पडताळून पाहिलं नव्हतं, पण माझा विश्वास होता.

त्याचे वडीलही गुळवेच होते. साखरेने त्यांचा एक पाय गेला. मग काहिलीजवळ उभं राहणं सुटलं आणि ऊस पिळायच्या चरकाशेजारी खाटेवर बसून ते उसाच्या मोळ्या मोजायचे. मोळ्या कोणालाही मोजता येतात. म्हातारा दिवसभर काहिलीकडे बघत बसायचा आणि मोजणी चुकवायचा. ते गुळव्याने लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळे स्वतःला साखर निघाली तेव्हा तो आजारापेक्षा त्या खाटेलाच जास्त घाबरला.

मागच्या हंगामाच्या शेवटी डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवून सांगितलं होतं. मीही बरोबर होतो, कारण कागदावरचं वाचायला वहिनी मला नेतात. बाई म्हणाल्या, आजार अजून फार जुना नाही, पोट सुटलंय तेवढं उतरवा. साखर, भात, पाव, बटाटे हे सगळं काही महिने बाजूला ठेवा, कडधान्यं, अंडी, दही, पालेभाजी खा, तीही मोजून. वजन बऱ्यापैकी उतरलं तर काही जणांची साखर गोळ्यांशिवाय जागेवर राहते. सगळ्यांची राहत नाही, तसा शब्द मी देत नाही. आणि गोळ्या मी सांगेन तेव्हाच कमी करायच्या, स्वतःच्या मनाने नाही.

गुळव्याने एवढंच विचारलं, "जमलं तर पाय राहील?"

"जमलं तर पायाची भीती पुष्कळ कमी होईल."

"मग जमवतो."

त्या दिवसापासून वहिनींनी स्वयंपाकघर उलटंपालटं केलं. साखरेचा डबा घासून त्यात मूग भरले. तांदूळ माझ्याकडे आणून ठेवले आणि वर मलाच बजावलं की त्यांनी मागितले तर द्यायचे नाहीत. गावाला तर बोलायला विषयच मिळाला. कोणी म्हणालं, बायकोने उपाशी ठेवलंय. कोणी म्हणालं, ज्याच्या हाताखालून एवढा गूळ जातो त्याच्या घरात साखरेचा कण नाही, हा घरातल्या मुंग्यांचाही अपमान आहे. त्याचा मेहुणा, म्हणजे वहिनींचा धाकटा भाऊ, गुऱ्हाळावर चुलीत चिपाडं सारायला असतो. तो तर रोज काहीतरी नवीन काढायचा. एकदा म्हणाला, दाजी, ताईने तुम्हाला बकरी समजलंय.

"बकरीला साखर झाल्याचं ऐकलंयस कधी?" गुळव्याने विचारलं, आणि काकडी चावत निघून गेला.

पावसाळा गेला तोवर त्याचे सदरे त्याच्या अंगावर वाळत घातल्यासारखे दिसू लागले. वहिनींनी ते टाके घालून कमी केले, पुन्हा कमी केले. बाईंनी एक गोळी काढली, मग दुसरी. आणि एके दिवशी रिपोर्ट बघून त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि म्हणाल्या, उतार पडलाय.

"म्हणजे मी बरा झालो?"

"नाही. उतार पडला म्हणतेय मी. बरं झालं म्हटलं की माणूस विसरून जातो. उतार पडला म्हटलं की लक्ष ठेवतो. तुम्ही लक्ष ठेवायचं."

तो शब्द गुळव्याला फार आवडला. बाजारात, विहिरीवर, न्हाव्याकडे, जिथे कोणी विचारील तिथे तो सांगायचा की उतार पडलाय. मेहुणा म्हणाला, उतारावर गाडीचा ब्रेक धरून बसावं लागतं, दाजी. गुळव्या म्हणाला, धरलाय.

आणि हंगाम सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत हा ब्रेक कुठेतरी सुटला होता. कुठे सुटला ते त्याला कळत नव्हतं, म्हणून ते सकाळचं भांडण.

दुपारी वहिनी डबा घेऊन आमच्या दारात आल्या. "भाऊजी, तुम्हीही चला. मी एकटी गेले तर म्हणतील बायको पहाऱ्याला आली." माझ्या जाण्याने त्याचा पहारा कसा होणार नव्हता ते मला समजलं नाही, पण नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही. गेलो.

गुऱ्हाळ गावाच्या कडेला आहे. वरून पत्रा, तिन्ही बाजूंनी मोकळं, मधोमध जमिनीत खोदलेली चूल आणि तिच्यावर माणूस आडवा झोपेल एवढी काहील. वाफेने समोरचा माणूस ओळखू येत नाही. पायाखाली चिपाडांचा भुगा आणि सगळीकडे माश्या. वहिनी एका उपड्या बादलीवर बसल्या. मी खांबाला टेकून उभा राहिलो.

चरकातून ताजा रस आला. गुळव्याने पेलाभर घेतला, घोटभर प्यायला, मान हलवली, आणि रस काहिलीत गेला. मळी निघाल्यावर त्याने पळीच्या टोकाने थोडा पाक घेतला, फुंकर मारली, तोंडात. पाक दाटला, पुन्हा फुंकर, पुन्हा तोंडात. शेवटी पाकाचा थेंब गार पाण्यात सोडून बोटांनी त्याची गोळी वळली, ती भांड्याच्या काठावर टक्कन वाजवली, आणि तोंडात टाकली. डोळे मिटले. जबडा हलला. गिळलं. मग हात वर गेला. चौघांनी काहील उतरवून गूळ वाफ्यात, म्हणजे निवायच्या उथळ हौदात, ओतला. तो निवताना गुळव्याने कडेचा खरवडून पाहिला. तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं आली, त्यांच्यासाठी ढेप फोडली, अर्धा तुकडा त्यांना दिला, अर्धा आपल्या तोंडात घातला आणि चांगला आहे अशी मान डोलावली. पुढची काहील चढली आणि पेला पुन्हा चरकाखाली गेला.

वहिनी सगळं बघत होत्या. दुसऱ्या काहिलीची गोळी तोंडात गेली तेव्हा त्या उठल्या.

"हे काय होतं?"

"कुठे काय?"

"आत्ता तोंडात घातलंत ते."

"ते होय. तो पाक. पाक बघितला."

"डोळ्यांनी बघितला की तोंडाने?"

गुळव्याला खरोखर कळेना ती काय विचारतेय. त्याच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्याची खूण नव्हती, कारण त्याच्या लेखी चोरी नव्हतीच. खाणं म्हणजे ताटातलं. त्याने भात सोडला, पाव सोडला, पाहुण्यांच्या घरी चहासुद्धा बिनसाखरेचा मागून घेतला. काहिलीवरचं कधी मोजायचंच त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर माझ्याही आलं नव्हतं. मीच त्याला सगळे कागद वाचून दाखवले होते. त्यात भात होता, बटाटे होते, चाखणं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

मेहुणा चुलीजवळून म्हणाला, "ताई, ते चाखणं आहे. चाखणं खाण्यात धरत नाहीत."

"कोण धरत नाही?"

"गुऱ्हाळावर कोणीच धरत नाही."

"रक्त धरतं," वहिनी म्हणाल्या.

गुळव्या हातातल्या पळीकडे बघत उभा राहिला. दिवसभरात असे किती घोट, किती गोळ्या, किती तुकडे, याचा हिशेब त्याच्या मनात चाललेला दिसत होता आणि तो हिशेब संपत नव्हता. मग त्याने पळी काठावर ठेवली आणि जेवायलाही न बसता हात धुतले.

डॉक्टरीणबाईंनी ऐकून आधी डोळे पुसले. हसू आलं होतं त्यांना. मग म्हणाल्या, एक तर गोळी परत सुरू करू, त्यात कमीपणा काही नाही. नाही तर चाखणं पूर्ण बंद करा, थोड्या दिवसांनी पुन्हा रक्त बघू. तेव्हाही वर असेल तर मात्र गोळी घ्यायची, तिथे वाद घालायचा नाही. गुळव्या कबूल झाला. चाखणं बंद, म्हणाला.

म्हणायला सोपं होतं. मालकाने ऐकलं तेव्हा तो बराच वेळ पान चघळल्यासारखा नुसता तोंड हलवत राहिला. तसा माणूस वाईट नव्हता. त्याने गुळव्याला खुर्ची दिली, जी तो कोणाला देत नसे. म्हणाला, न चाखणारा गुळवा मी आजवर पाहिला नाही. गिऱ्हाईक येतं ते तू तोंडात घालून मान डोलावलीस की घेतं. तूच तोंडात घालत नाहीस म्हटल्यावर ते म्हणेल, आत काहीतरी मिसळलंय. त्यापेक्षा असं कर, तुझ्या मेहुण्याला काहिलीवर उभा राहू दे, तो चाखेल, तोच हात वर करील. तू बस ना आरामात. चरकाजवळ खाट आहेच.

खाट हा शब्द त्याने सहज वापरला असेल. पण गुळव्या खुर्चीतून उठला.

"खाटेवर कशाला बसू, अजून दोन्ही पाय आहेत मला," तो म्हणाला. "एक काहील द्या. तोंड न लावता उतरवतो. बिघडली तर उद्यापासून मेहुणा."

मेहुण्याचा चेहरा पडला. दाजींची जागा त्याला नको होती. चुलीपाशी बसून जगाची टिंगल करणं त्याला बरं वाटायचं, काहिलीवर उभं राहिलं की जग आपली करतं.

दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळावर नेहमीपेक्षा माणसं जास्त होती. ज्यांचा ऊस होता ते आले होते, ज्यांचा नव्हता तेही आले होते. गुळव्याने खांद्यावरचा पंचा काढला, नाकाखालून तोंडावर घट्ट बांधला आणि मागे दोन गाठी मारल्या. मेहुण्याने विचारलं, दाजी, दरोडा कुठे आहे? सगळे हसले. पंच्याआडून गुळव्या काय म्हणाला ते कळलं नाही, पण मेहुण्याने मुकाट्याने चिपाडं सारली.

रस चढला, मळी निघाली. गुळव्या वाकून काहिलीला कान देत होता. पाक दाटत जाईल तसा बुडबुड्यांचा आवाज जाड होत जातो म्हणे. मला सगळे आवाज सारखेच वाटत होते. शेवटी त्याने पाण्यात थेंब सोडला, गोळी वळली, काठावर वाजवली. टक्क. हात वर गेला. काहील उतरली.

गूळ बसला नाही.

साच्यातून काढलेली ढेप जरा वेळ उभी राहिली आणि मग थकल्यासारखी एका बाजूने खाली बसली. कोणी हसलं नाही, ते हसण्यापेक्षा वाईट होतं. मालक म्हणाला, झालं तुझ्या मनासारखं? आता ऐक माझं. गुळव्या त्या बसलेल्या ढेपेकडे बघत होता. गोळी नेहमीसारखीच होती, तो म्हणाला. आवाजही तोच. त्याने ते दोनदा म्हटलं. आवाज चुकला नव्हता, हात चुकला नव्हता, मग गूळ का चुकला हे त्याला उमगत नव्हतं. आयुष्यभराची विद्या जिभेतच होती आणि बाकीचा आपण नुसता पळी धरायला होतो की काय, असं त्याच्या डोळ्यांत दिसलं. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

वहिनी बादलीवरून उठल्या नाहीत. बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "तुम्ही गिळलं नाहीत."

"काय गिळायचं? तोंड बांधलंय."

"तेच म्हणतेय. त्या दिवशी मी बघत होते. गोळी वाजवली की तुम्ही ती तोंडात टाकता, डोळे मिटता, चघळता, गिळता, आणि मग हात वर करता. आज वाजवली आणि लगेच हात वर. तेवढा वेळ पाक चुलीवर असायचा. आज तो तुम्ही आधीच उतरवलात."

गुळव्याने मेहुण्याकडे वळून बोटाने चूल दाखवली.

मालक म्हणाला की एकच काहील ठरली होती. त्यावर ज्या म्हाताऱ्याचा ऊस पुढच्या पाळीला होता तो म्हणाला, माझा रस चढवा. बिघडला तर माझा बिघडेल. त्या म्हाताऱ्याचा मधला मुलगा साखरेनेच आंधळा झालेला होता, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि त्या वेळी कोणीच बोलून दाखवलं नाही.

दुसरी काहील चढली. पुन्हा मळी, पुन्हा वाफ, पुन्हा वाकून कान देणं. थेंब पाण्यात गेला. गोळी वळली. टक्क.

गुळव्याने गोळी बाजूला टाकली. मग त्याने डोळे मिटले. पंच्याआड त्याचा जबडा हलू लागला. काहीच नसलेलं तो सावकाश चघळत होता, एका गालातून दुसऱ्या गालात नेत होता. मागे कोणीतरी खुदकन हसलं, मेहुण्याने त्याच्याकडे असं बघितलं की ते हसू अर्ध्यात राहिलं. गुळव्याच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. त्याने आवंढा गिळला होता.

हात वर गेला.

या वेळी ढेप साच्यातून निघाली ती खणखणीत. म्हाताऱ्याने तिच्यावर बोटाच्या पेराने वाजवलं आणि सरळ बैलगाडीत नेऊन ठेवली. मालकाने दुसऱ्या ढेपेचा तुकडा आपल्या हाताने तोडून खाल्ला. चांगला आहे म्हणाला. मग सवयीने उरलेला अर्धा तुकडा गुळव्यापुढे धरला, की घे, तोंड गोड कर, मानाचा आहे. गुळव्याने तो तुकडा घेतला आणि मेहुण्याच्या हातावर ठेवला. पंचा सोडला नाही. घरी जाईपर्यंत सोडला नाही. वाटेत भेटेल त्याला तसाच मान हलवत गेला.

हंगाम असाच गेला. मध्ये एक-दोन काहिली काळ्या पडल्या, त्या त्याच्या जिभेच्या काळातही पडायच्या. गिऱ्हाइकांसमोर तुकडा मेहुणा खायचा. तो इतका मन लावून खायचा की विक्री वाढली असं मालक म्हणत असे. वहिनींनी मात्र हंगाम संपताच भावाला धरून दवाखान्यात नेलं आणि त्याचंही रक्त तपासून घेतलं. सुदैवाने काही निघालं नाही. पुढच्या वर्षापासून तुकडा ज्याचा ऊस त्यानेच खायचा, असं त्यांनी मालकाला सांगून टाकलं. मालकाने ऐकलं.

गुळव्याचा आकडा खाली आला होता. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा बघितला आणि तोच शब्द वापरला. पुढच्या तपासणीची तारीखही दिली.

आता गंमत अशी झालीय की त्या पंच्याची कीर्ती दूरवर गेली आहे. बाहेरचे व्यापारी येतात आणि कौतुकाने बघतात. मालक त्यांना सांगतो की आमच्याकडे स्वच्छता फार, गुळवा तोंड बांधून काम करतो, श्वाससुद्धा गुळाला लागू देत नाही. शेजारच्या गावांतल्या गुऱ्हाळांवरही गुळव्यांना तोंडं बांधायला लावलीत असं ऐकतो. ते पंचा वर करून चाखतात आणि पुन्हा खाली ओढतात.

परवा मी तिथे होतो. एक नवा व्यापारी मालकाचं ते स्वच्छतेचं ऐकून भारावला होता. गुळव्या काहिलीवर वाकलेला होता. तो सरळ झाला, पळी ठेवली आणि पंच्याच्या गाठी सोडल्या. काम चालू असताना त्याने पंचा सोडलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"स्वच्छतेसाठी नाही," तो म्हणाला. "मला साखर आहे."

मालकाने घाईने सांगितलं, होती, होती, आता गेली.

"गेली नाही. आहे," गुळव्या म्हणाला. "उतार पडलाय फक्त. आणि मी लक्ष ठेवून आहे."

मग त्याने पंचा पुन्हा तोंडावर बांधला, दोन गाठी मारल्या आणि काहिलीला कान दिला.